एअरफायबरवरून ऑफिसचं काम: आयटीवाल्यांसाठी घरच्या नेटवर्कचा बंदोबस्त, पायरीपायरीने

गच्चीवर पांढरा डबा बसतो, हॉलमध्ये राउटर लागतो आणि तंत्रज्ञ निघता निघता विचारतो, "सर, पासवर्ड काय ठेवू? मोबाइल नंबरच ठेवतो, लक्षात राहतो." नेटवर्कचं नाव त्याने आधीच ठरवलेलं असतं, आडनाव आणि पुढे फ्लॅट नंबर. स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट काढला की काम संपलं. सिनेमे आणि मॅच बघण्यापुरतं हे चालूनही जातं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच राउटरवरून घरातलं कोणीतरी एखाद्या बँकेच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर लॉगिन होणार असतं, आणि तिथे हा हिशोब चुकतो.

भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने दिल्ली-मुंबईत, आणि १९ सप्टेंबर २०२३ ला गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर जिओने मुंबई-पुण्यासह ८ शहरांत एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून बिनतारी येणारं घरचं ब्रॉडबँड, आणलं. सोसायटीत फायबर ओढायला परवानगी मिळत नाही, गावात केबलवाला येत नाही, अशा ठिकाणी ही सोय झाली, आणि बघता बघता बरेच आयटीवाले तिच्यावर पूर्णवेळ काम करायला लागले. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या लॅपटॉपवर क्लाउडचा अॅडमिन कन्सोल उघडतो, ज्यांच्याकडे डेटाबेसचा पासवर्ड आहे, ज्यांचा कोड थेट मेन ब्रँचला जातो, त्यांनी पुढच्या पायऱ्या एका शनिवार-रविवारात उरकाव्यात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. वायरलेस म्हटलं की आपल्याला जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेला हॅकर दिसतो. तसं होऊ शकतं, पण मोठी चोरी सहसा वेगळ्या वाटेने होते. लास्टपास ही पासवर्ड सांभाळणारी कंपनी. २०२२ मध्ये तिच्या ग्राहकांच्या पासवर्ड-तिजोऱ्यांचे बॅकअप चोरीला गेले. त्या बॅकअपच्या किल्ल्या कंपनीतल्या फक्त ४ डेव्हऑप्स (सर्व्हर आणि यंत्रणा सांभाळणाऱ्या) इंजिनिअरांकडे होत्या. हल्लेखोरांनी त्यातल्या एकाच्या घरचा संगणक गाठला. त्यावर घरी सिनेमे बघायचं, बऱ्याच काळात अपडेट न केलेलं एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्या भोकातून ते आत शिरले, कीलॉगर (टाइप केलेलं सगळं टिपणारा प्रोग्राम) बसवला आणि मास्टर पासवर्ड टाइप होण्याची वाट बघत बसले. वाय-फाय कोणी फोडलंच नाही. म्हणून हवेतल्या लहरींइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, राउटर आणि घरातल्या बाकीच्या उपकरणांकडे बघायचं आहे.

पायरी १: दोन रेडिओ वेगळे ओळखा

एअरफायबरमध्ये बिनतारी टप्पे दोन असतात. पहिला टॉवर ते गच्चीवरचा डबा, दुसरा राउटर ते लॅपटॉप. पहिल्या टप्प्यात सिमकार्ड असतं, नेटवर्क आणि सिम एकमेकांची ओळख पटवून घेतात, आणि हवेतला मजकूर एन्क्रिप्ट केलेला असतो. तिथे आपल्या हातात फारसं काही नाही, आणि काळजीही फार नको. फक्त एवढं लक्षात ठेवा की ते एन्क्रिप्शन कंपनीच्या नेटवर्कपर्यंतच असतं. पुढे नेहमीचंच उघडं इंटरनेट. "५जी सुरक्षित आहे, मग व्हीपीएन कशाला?" या प्रश्नाला उत्तर हेच. (व्हीपीएन म्हणजे लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंतची एन्क्रिप्ट केलेली खासगी वाट.)

आपलं काम दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होतं.

पायरी २: कंपनीच्या डब्याची साफसफाई

राउटरवर चिकटवलेल्या स्टिकरवर अॅडमिन पानाचा पत्ता असतो. १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.२९.१ असं काहीतरी. शक्यतो केबल लावूनच आत शिरा. अॅडमिनचा पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, आणि गंमत म्हणजे वाय-फायचा पासवर्ड दरवर्षी बदलणारे लोकही हा पहिल्या दिवसापासून तसाच ठेवतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (एकाच्या ताब्यातल्या हॅक झालेल्या उपकरणांच्या फौजेने) जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कसलीही हुशारी न करता. कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक वापरून बघितल्या, बस्स.

मग डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून उपकरण जोडायची ही सोय. तिचा पिन ८ आकडी असतो, म्हणजे कागदावर १० कोटी शक्यता. पण शेवटचा आकडा आधीच्या ७ आकड्यांवरून काढलेला असतो, आणि राउटर पहिले ४ आकडे बरोबर आहेत की नाही ते वेगळं सांगून टाकतो. म्हणजे १०,००० अधिक १,०००, एकूण ११,००० प्रयत्नांत खेळ खलास. हे डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं, तरीही अनेक राउटरांवर ही सोय आजही असते.

यूपीएनपी बंद करा. या सोयीमुळे घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता राउटरकडून बाहेरून यायची वाट उघडून घेऊ शकतं. रिमोट मॅनेजमेंट किंवा वॅनकडून (इंटरनेटच्या बाजूने) अॅडमिन असा पर्याय दिसला तर तोही बंद.

एक गोष्ट मात्र बहुधा बंद करता येणार नाही. ब्रॉडबँड कंपन्या आपले राउटर दुरून हाताळतात, साधारणपणे टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने. कस्टमर केअरवाला फोनवर "सर, मी इथून रिस्टार्ट करतो" म्हणतो ते याच जोरावर. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच कामासाठी उघड्या ठेवलेल्या पोर्टवर (नेटवर्कच्या क्रमांकित दारावर) मिराईच्या एका नव्या अवताराने धडका मारल्या आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं. याचा अर्थ कंपन्या बेभरवशाच्या आहेत असा नाही. ज्या डब्याचा खरा मालक दुसरा कोणी आहे, त्याच्या भरवशावर क्लायंटचं काम ठेवायचं नाही, एवढाच.

पायरी ३: स्वतःचा राउटर, आणि तोही बरोबर जागी

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

स्वतःचा राउटर विकत घ्या. ब्रँडपेक्षा तीन गोष्टी बघा: डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत) आहे का, उत्पादक अजून फर्मवेअरचे, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट देतोय का, आणि जमलं तर त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर चढतं का. अपडेट थांबलेला महागडा राउटर हा नुसता शोभेचा अँटेना.

जोडणी अशी. कंपनीच्या डब्याच्या लॅन (घरच्या बाजूच्या) पोर्टमधून केबल काढा आणि आपल्या राउटरच्या वॅन पोर्टला लावा. कंपनीच्या डब्याचं वाय-फाय चालूच राहू द्या. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, स्मार्ट बल्ब, कॅमेरा, एसी, आलेगेले पाहुणे, सगळे त्याच्यावर. आपल्या राउटरवर फक्त कामाची उपकरणं.

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि बरेच जण नेमका उलटा लावतात. आतल्या राउटरमागचं उपकरण बाहेरच्या नेटवर्कवरच्या उपकरणापर्यंत पोचू शकतं, पण बाहेरचं उपकरण आत येऊ शकत नाही, कारण मध्ये आतल्या राउटरचं नॅट (अनेक उपकरणांना एकाच पत्त्यामागे ठेवायची पद्धत) आणि फायरवॉल उभी असते. जुन्या वाड्याच्या ओसरी-माजघरासारखं आहे हे: आला-गेला ओसरीवर बसतो, माजघरातलं त्याला दिसत नाही. "धोकादायक उपकरणं वेगळ्या राउटरवर टाकतो" म्हणून कोणी स्वस्त कॅमेरे आतल्या राउटरवर टाकले आणि लॅपटॉप कंपनीच्या डब्यावर ठेवला, तर त्या कॅमेऱ्याला लॅपटॉप अगदी समोर दिसतो.

दुहेरी नॅट होतं म्हणून नेटवर्कवाले मित्र नाक मुरडतील. गेमिंग कन्सोलला त्याचा थोडा त्रास होतो, कामाच्या व्हीपीएनला सहसा होत नाही. दोन्ही राउटरांना एकच पत्त्यांची पट्टी मात्र देऊ नका, नाहीतर इंटरनेटच चालणार नाही. आतल्या राउटरला १९२.१६८.८७.० सारखी आडबाजूची पट्टी द्या. १९२.१६८.१.० टाळायचं आणखी एक कारण म्हणजे ऑफिसातही बऱ्याचदा तीच असते. मग व्हीपीएन लागतं, पण ऑफिसचा प्रिंटर की घरचा, हे लॅपटॉपला कळत नाही.

ज्यांना व्हीलॅन (एकाच राउटरवर वेगवेगळी नेटवर्कं करायची पद्धत) येतं त्यांनी एकाच चांगल्या राउटरवर तीन नेटवर्कं करावीत. ज्यांना येत नाही त्यांनी वरची दोन डब्यांची रचनाच करावी. ती समजायला सोपी आहे आणि चुकायला कमी जागा ठेवते.

पायरी ४: वाय-फाय

लॅपटॉप रोज एकाच टेबलावर असेल तर या पायरीचं सर्वांत चांगलं उत्तर म्हणजे कॅट-६ची केबल. वायरलेस ब्रॉडबँडवरच्या लेखात हे विचित्र वाटेल, पण टॉवरपासून गच्चीपर्यंत बिनतारी आहे म्हणून टेबलापर्यंतही बिनतारीच हवं असं कुठे आहे?

केबल जमत नसेल तर डब्ल्यूपीए३ लावा. डब्ल्यूपीए२ २००४ चं. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या केयू ल्यूव्हेन विद्यापीठातल्या माथी व्हानहूफ यांनी क्रॅक नावाचा हल्ला दाखवून त्यातली मोठी खोट उघड केली. ती अपडेटने बुजली. पण डब्ल्यूपीए२ ची दुसरी खोट अपडेटने जात नाही. उपकरण जोडलं जाताना होणारी देवाणघेवाण टिपून घेतली की पासवर्ड घरी बसून, राउटरला न कळता, कितीही वेळा ताडून बघता येतो. २०१८ पासून तर काही राउटरांच्या बाबतीत कोणी जोडलं जायची वाट बघायचीही गरज उरली नाही.

आता तंत्रज्ञाने ठेवलेला मोबाइल नंबर घ्या. भारतातला नंबर १० आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो. पण एक बरंसं ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२ चे सेकंदाला १० लाखांहून अधिक पासवर्ड तपासतं. १० लाखच धरले तरी ४,००० सेकंद लागतात, म्हणजे जेमतेम १ तास ७ मिनिटं. तेही सगळेच्या सगळे नंबर तपासायला. फ्लॅटचा नंबर आणि आडनाव नेटवर्कच्या नावातच असेल तर तेवढीही वाट बघायला नको, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा नंबर असतोच.

डब्ल्यूपीए३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी बोलावं लागतं, त्यामुळे घरी बसून ताडायची सोय संपते. त्यातही २०१९ मध्ये ड्रॅगनब्लड नावाच्या उणिवा सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. अडचण असते ती जुन्या उपकरणांची. राउटर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' असा पर्याय देतो आणि लोक तोच ठेवतात. मिश्र पर्यायात पासवर्ड दोन्हींना एकच, म्हणजे तो डब्ल्यूपीए२ च्या वाटेने फोडता येतोच. आतल्या राउटरवर फक्त कामाची उपकरणं असल्यामुळे तिथे निव्वळ डब्ल्यूपीए३ ठेवायला काहीच हरकत नाही. जुना टीव्ही बिचारा बाहेरच्या नेटवर्कवर मजेत राहील.

पासवर्ड लांब ठेवा, क्लिष्ट नको. ६३ अक्षरांपर्यंत चालतो. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत, मध्ये आकडा किंवा चिन्ह: खलबत्ता, पिंपळ, तगारी, ओसरी, शेवगा या धर्तीवर (हेच पाच नकोत, हे उघड आहे). शब्द अभंगातले किंवा गाण्यातले सलग उचलू नका.

नेटवर्कचं नाव लपवू नका. लपवल्याने ते लपत नाहीच, उलट लॅपटॉप जाईल तिथे त्याच नावाने हाका मारत फिरतो. मॅक पत्त्यांची, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या क्रमांकावरून आत घ्यायची, गाळणीही तशीच. पत्ता नक्कल करायला मिनिटही लागत नाही, त्रास फक्त तुम्हाला. 'पीएमएफ' नावाचा पर्याय मात्र सक्तीचा करा. त्याने उपकरणाला खोट्या संदेशाने नेटवर्कवरून हाकलून लावायची युक्ती चालत नाही. डब्ल्यूपीए३ मध्ये तो असतोच.

मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून घेतलेला स्वस्त रिपीटर हा या सगळ्यावर पाणी ओतायचा हमखास मार्ग. तो बहुधा डब्ल्यूपीए२ वरच चालतो, आणि त्याला अपडेट येत नाहीत.

पायरी ५: आयपीव्ही६ ची मागची बाजू

मोबाइल नेटवर्कवरच्या ब्रॉडबँडला आयपीव्ही४ चा (इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचा) स्वतःचा पत्ता सहसा मिळत नाही. शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ या पट्टीतला पत्ता दिसला तर समजायचं आपण सीजीनॅटमागे आहोत. बाहेरून कोणी थेट येऊ शकत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात.

पण त्याच जोडणीवर आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धतही असते, आणि त्यात नॅट नसतं. प्रत्येक लॅपटॉपला, प्रत्येक टीव्हीला जगातून पोचता येईल असा स्वतःचा पत्ता. मध्ये उभी असते ती फक्त राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल. ती चालू आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका, तपासा. लॅपटॉपवर साधा वेब सर्व्हर चालू करा, लॅपटॉपचा आयपीव्ही६ पत्ता टिपून घ्या, फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून तो पत्ता ब्राउझरमध्ये चौकोनी कंसात पोर्टसकट टाका. पान उघडलं, तर तुमचा लॅपटॉप रस्त्यावर आहे. एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) येत असेल तर त्याचा आयपीव्ही६ पर्याय वापरून दुसऱ्या जोडणीवरून सगळे पोर्ट बघा.

हे डेव्हलपरांनी विशेष मनावर घ्यावं. आपण डेव्ह सर्व्हर सगळ्या इंटरफेसवर ऐकायला लावतो, कारण फोनवर पान कसं दिसतं ते बघायचं असतं. रेडिस, मोंगो, ज्युपिटर नोटबुक, सगळं बिनपासवर्डाचं, "लोकलच तर आहे" म्हणून. त्यात डॉकरची (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणाऱ्या साधनाची) एक खोड आहे: कंटेनरचा पोर्ट बाहेर काढला की लिनक्सवर डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम लिहितो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉल सांभाळणाऱ्या साधनाला वळसा घालतो. यूएफडब्ल्यू 'पोर्ट बंद' म्हणत असतं आणि पोर्ट उघडा असतो. पोर्ट काढताना पुढे १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच मशीन) लिहायची सवय लावून घ्या. एवढं केलं तरी अर्धी जोखीम कमी होते.

स्वतःचा राउटर आत बसवल्यावर एक अडचण येते. कंपनीकडून बहुतेक वेळा आयपीव्ही६ च्या पत्त्यांचा एकच /६४ तुकडा (एका नेटवर्कपुरता) मिळतो, तो बाहेरच्या डब्यातच संपतो, आतल्या राउटरला पुढे वाटायला काही उरत नाही. मग आत फक्त आयपीव्ही४ चालवा. तत्त्वाने हे मागासलेपण आहे, पण कामाच्या नेटवर्कसाठी मी ते आनंदाने पत्करतो. का, ते पुढच्याच्या पुढच्या पायरीत कळेल.

पायरी ६: सीजीनॅट आणि क्लायंटची यादी

क्लायंटचा सिस्टीम अॅडमिन म्हणतो, "तुमचा आयपी द्या, फायरवॉलमध्ये घालतो." तुम्ही ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधता आणि येईल तो आकडा पाठवता. सीजीनॅटमागे असाल तर तो पत्ता तुमचा नसतो. तुमच्याबरोबर आणखी कितीतरी अनोळखी ग्राहकांना क्लायंटच्या दारात उभं केलंत, आणि दोन दिवसांनी पत्ता बदलला की तुम्हीच बाहेर. असा पत्ता कधीही देऊ नका. कंपनीचा व्हीपीएन वापरा, किंवा एखाद्या क्लाउडवर छोटं मशीन घेऊन त्याचा कायमचा पत्ता द्या आणि तिथपर्यंत वायरगार्डने (हाही एक व्हीपीएन) जा.

उलट बाजूही आहे. तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये फक्त आयपी आणि वेळ असेल, तर सीजीनॅटमागचा हल्लेखोर त्यावरून शोधता येत नाही. सोर्स पोर्ट, म्हणजे समोरच्याच्या बाजूचा पोर्ट क्रमांक, तोही नोंदवा. पोलिसांना ब्रॉडबँड कंपनीकडून नाव काढायचं तर आयपी, पोर्ट आणि अचूक वेळ, तिन्ही लागतात.

आणि ते टनेल. घरच्या मशीनवर बाहेरून पोचता येत नाही म्हणून लोक एनग्रॉकसारखी, बाहेरून आत वाट काढून देणारी साधनं लावतात, डेमो दाखवतात, आणि टनेल महिनाभर तसंच चालू राहतं. सगळ्या फायरवॉलींच्या खालून गेलेली वाट असते ती. लावायचंच तर समोर लॉगिन ठेवा आणि डेमो संपला की प्रोसेस मारा. कंपनीच्या लॅपटॉपवर तर परवानगीशिवाय लावूच नका, थेट नोकरीवर बेतेल.

पायरी ७: व्हीपीएन नीट लागलाय का ते बघा

व्हीपीएन क्लायंट हिरवा झाला म्हणजे सगळं त्यातूनच चाललंय असं नसतं. सर्वांत नेहमीची गळती आयपीव्ही६ ची. ऑफिसचा व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ वाहून नेतो, आणि आयपीव्ही६ असलेल्या साइटकडे लॅपटॉप सरळ घरच्या वाटेने जातो. व्हीपीएन लावून स्वतःचे दोन्ही पत्ते तपासा. घरच्या कंपनीचा आयपीव्ही६ पत्ता दिसला तर गळती आहे. आतल्या नेटवर्कवर आयपीव्ही६ नसेल तर हा प्रश्नच मिटतो.

दुसरी गळती मे २०२४ मध्ये टनेलव्हिजन या नावाने जाहीर झाली. नेटवर्कचा डीएचसीपी सर्व्हर (उपकरणांना पत्ते वाटणारा) लॅपटॉपला पत्त्याबरोबर १२१ क्रमांकाच्या पर्यायातून मार्गही देऊ शकतो, आणि ते मार्ग व्हीपीएनच्या मार्गापेक्षा वरचढ ठरू शकतात. क्लायंट हिरवाच राहतो, पॅकेट बाहेरून जातात. अँड्रॉइडला हा पर्याय कळतच नाही, त्यामुळे तो वाचला. घरी स्वतःचा राउटर असेल तर डीएचसीपी आपलंच असतं, धोका राहत नाही. कॅफे आणि हॉटेलात राहतो.

तिसरी कटकट सुरक्षेची नाही, पण माणसाला असुरक्षित वागायला लावते. व्हीपीएन लागतो, छोटी पानं उघडतात, मोठी फाइल किंवा गिट क्लोन अडकून बसतं. हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ. मोबाइल नेटवर्कमध्ये पॅकेटला आधीच एक जादा वेष्टन असतं, त्यावर व्हीपीएनचं. वायरगार्डमध्ये एमटीयू १,४२० वरून १,२८० वर आणून बघा. हे माहीत नसलेला माणूस वैतागून व्हीपीएन बंद करतो आणि फाइल वैयक्तिक ड्राइव्हवरून पाठवतो.

वीज जाण्याचंही तसंच. ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याला पावसाचा फारसा त्रास नसतो, पण जूनच्या पहिल्या वादळात फीडर ट्रिप झाला की गच्चीवरचा डबा आणि राउटर दोन्ही मरतात, आणि रिलीज चालू असताना माणूस हाताला लागेल त्या नेटवर्कला चिकटतो. म्हणून किल स्विच चालू ठेवा. व्हीपीएन तुटला की सगळी वाहतूक थांबली पाहिजे. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेताना अडॅप्टरवरचं व्होल्टेज आणि अँपिअर जुळवून घ्या, सगळे राउटर १२ व्होल्टचे नसतात. आणि दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये ठेवा.

पायरी ८: फोनचा हॉटस्पॉट आणि बाहेरचं वाय-फाय

हॉटस्पॉट शक्यतो यूएसबी केबलने घ्या. हवेत काही जातच नाही आणि फोन चार्जही होतो. वाय-फायनेच घ्यायचा तर फोनने सुचवलेला पासवर्ड ठेवा, काम झालं की बंद करा. अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनांत २जी बंद करायचा पर्याय आला आहे. तो वापरा. २जी मध्ये टॉवरची ओळख पटवायची पद्धतच नाही, त्यामुळे खोटा टॉवर उभा करणं सोपं असतं.

गोव्यात समुद्राकाठी बसून काम करायची हौस असो की विमानतळावर अडकलेली दोन तासांची गरज, फुकटच्या वाय-फायवर आज मजकूर चोरून वाचणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, कारण बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. धोका आहे तो लॉगिनच्या खोट्या पानाचा. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात एका माणसावर याच प्रकाराबद्दल आरोप ठेवले गेले. विमानतळावरच्या आणि विमानातल्या वाय-फायच्या नावाचं नेटवर्क तो स्वतःच उभं करायचा आणि ईमेल किंवा सोशल मीडियाचं लॉगिन मागायचा. शंका आली ती विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना. तेव्हा जुनी जतन केलेली नेटवर्कं लॅपटॉपमधून खोडून टाका, आपोआप जोडणी बंद करा, आणि वाय-फायच्या पानावर ईमेलचा पासवर्ड मागितला तर सरळ उठून हॉटस्पॉट लावा.

पायरी ९: लॅपटॉप

कंपनीचा लॅपटॉप पोरांना शाळेच्या प्रोजेक्टसाठी द्यायचा नाही. घरात यावरून कुरबुर होईल, होऊ द्या. घरचा संगणक कामाला वापरत असाल तर निदान वेगळा युजर, आणि कामाच्या युजरवर सिनेमे-गेम नाहीत. क्लाउडच्या कायमच्या किल्ल्या होम फोल्डरमध्ये उघड्या फाइलीत ठेवू नका. काही तासांत मरणाऱ्या तात्पुरत्या किल्ल्या घ्या. एसएसएच की ला (सर्व्हरवर लॉगिन व्हायच्या किल्लीच्या फाइलीला) पासफ्रेज लावा. जमलं तर हार्डवेअर की (लॉगिनसाठी लावायचं छोटं उपकरण) घ्या, कारण एसएमएसने येणारा ओटीपी खोट्या पानावर टाइप करून देता येतो, हार्डवेअर की खोट्या पत्त्याच्या पानाला उत्तरच देत नाही.

पायरी १०: काही घडलंच तर

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं एक धमकीचा ईमेल गेला होता. तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचं निघालं. त्याचं वाय-फाय उघडं होतं, दुसऱ्याच कोणी त्याचा गैरवापर केला होता. पण चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्यालाच. आपल्या जोडणीवरून जे जातं त्याबद्दल पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जातो, तेव्हा उत्तर द्यायला काहीतरी हाताशी हवं. राउटरचे लॉग रीस्टार्ट केल्यावर सहसा पुसले जातात, म्हणून ते सिसलॉगने (लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायच्या पद्धतीने) एखाद्या रास्पबेरी पाय किंवा जुन्या मशीनवर पाठवत राहा. राउटरची वेळ एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवायच्या पद्धतीने) जुळवलेली असू द्या.

सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. ही जबाबदारी कंपनीची, पण तिचं घड्याळ तुमच्या फोनने सुरू होतं. लॅपटॉपवर काहीतरी विचित्र दिसलं आणि "आधी मीच बघतो" म्हणून रात्रभर खटपट केलीत, तर सकाळी कंपनीकडे वेळ उरलेली नसते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, त्यामुळे उशिराचं स्पष्टीकरण कोणी फार सहानुभूतीने ऐकणार नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर वेगळा फोन.

राउटरवरच संशय असेल तर पहिल्या झटक्यात रीसेटची टाचणी टोचू नका. अनेकदा घुसखोराचा पुरावा फक्त चालू मेमरीत असतो. आधी अॅडमिन पानांचे फोटो काढा: जोडलेली उपकरणं, डीएनएस, पोर्ट फॉरवर्डिंग, लॉग. मग वॅनची केबल उपसा, वीज चालूच ठेवा. कंपनीच्या सुरक्षा टीमला दुसऱ्या फोनवरून, दुसऱ्या नेटवर्कवरून कळवा. त्यांनी हो म्हटल्यावरच रीसेट, ताजं फर्मवेअर, नवे पासवर्ड. आणि सेटिंगांचा जुना बॅकअप परत चढवू नका, सगळं हाताने नव्याने भरा.